आजीचे हात

मागच्या महिन्यात दादानं घरच्या ग्रुपवर आजीचा फोटो टाकला. एआयनं करून घेतलेला. रंगीत, लख्ख, आणि मध्येच पापण्या मिटणारी आजी. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी इकडं जर्मनीत, कोलोनमध्ये ट्रामची वाट बघत उभा होतो, आणि काही केल्या मला ती बाई ओळखू येईना.

येणार कशी? मूळ फोटोत तिचा चेहराच उरलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी आमच्या गावभागातल्या घराच्या पायऱ्यांवरूनच परतलं होतं, त्या भरवशावर फोटोंची ट्रंक खालीच राहिली. पाणी उतरल्यावर वहिनीनं सुटे फोटो बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडले, एकेक अलगद सोडवला आणि मच्छरदाणीच्या दोरीला चिमट्यांनी लावला. ते बहुतेक वाचले. अल्बम मात्र दादानं गच्चीवर तसाच वाळवला आणि मग उघडला. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा. भिजला की फुगतो, वाळताना ज्याला टेकेल त्याला चिकटतो. आजीचा चेहरा प्लॅस्टिकच्या पानाबरोबर निघून आला.

त्या आठवड्यात मी फोनवरून शहाणपणा शिकवला होता. २००९ मध्ये कोलोनच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली, तेव्हा भिजलेली कागदपत्रं आधी गोठवून ठेवली आणि मग सवडीनं हाताळली, तसं करा म्हटलं. दादा म्हणाला, "लाईट नाही, फ्रिज आडवा होऊन चिखलात पडलाय, आणि तू गोठवायला सांगतोस व्हय?" गाळ उपसायला मी नव्हतो. त्यामुळं आता बोलायचा अधिकार किती, हा प्रश्न आहेच. तरी बोलतो.

ग्रुपवर दोन तट पडलेत. दादा म्हणतो, हा नवा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावू, पोरांना पणजी दिसेल तरी. पोरांचं मला पटतं. पण ती पणजी नव्हे, त्या वयाची कुठलीतरी बाई आहे. तिला हार घालायचा? शिवाय यंत्रानं नऊवारी मरून रंगाची केली. आत्या म्हणते हिरवी होती, काका म्हणतात जांभळी, आणि त्यावरून दोघांनी एकमेकांना ती साडी कुठून आली, कुणाच्या लग्नातली, असं तासभर ऐकवलं. मी मधे न बोलता सगळं ऐकलं. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. मरून साडीतला फोटो भिंतीवर गेला की हे भांडण संपलं. मला ते संपायला नकोय.

इथल्या जुन्या बाजारात अनोळखी घरांचे फोटो खोक्यात भरून विकायला असतात. लग्नं, बारशी, लष्करी गणवेशातली पोरं, मागे पेन्सिलीनं नावं. कुणाची तरी आजी एक युरोला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपल्याकडं असं होणार नाही. आता तेवढं छातीठोकपणे म्हणवत नाही, पण आपल्याकडं निदान साडीच्या रंगावरून भांडायला माणसं आहेत.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही. मूळ फोटोत आजीचे हात शाबूत आहेत. मांडीवर, एकावर एक, बांगड्या कोपराकडं सरकवलेल्या. भाकरी थापायला बसताना ती सरकवायची तशाच. एआयसाठी दादानं फोटो छातीपर्यंत कापला, त्यात ते हात गेले.

मी लिहिलं, मूळ फोटो टाकू नका, मला हवाय.

दादाचं उत्तर लगेच आलं. "टाकतंय कोण? ट्रंक माळ्यावर चढवायची आहे, एकट्याला उचलत नाही. ये की गणपतीत."

अजून तिकीट बघितलेलं नाही.