फोल्डर उडवून विंडोज ७ चं अपडेट सुटत नाही

विंडोज ७ चं अपडेट ‘चेकिंग फॉर अपडेट्स’वर तासन्‌तास अडकलं की एक ठरलेला मेसेज हमखास पुढे येतो: ‘मायक्रोसॉफ्टने सर्व्हरच बंद केलाय. सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डर उडवा, डिझमची रिस्टोअर-हेल्थ कमांड चालवा, तारीख मागे न्या, जागा हवी तर विन-एसएक्सएस रिकामं करा. पाच मिनिटांत काम!’ मूळ दुखण्याला यातला एकही उपाय हात लावत नाही, आणि शेवटचा तर चालतं मशीन बंद पाडू शकतो.

सर्व्हर बंद झाला, हे अर्धसत्य आहे. १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपला तो नव्या अपडेटपुरता. पण त्याआधी, २०१९ मध्ये, अपडेटवरची डिजिटल सही (फाइल मायक्रोसॉफ्टचीच आहे याची खूण) शा-१ या जुन्या पद्धतीवरून शा-२ या नव्या पद्धतीवर गेली, आणि २०२० मध्ये शा-१ वर चालणारे अपडेटचे पत्ते बंद झाले. नुकतंच डीव्हीडीवरून टाकलेलं विंडोज ७ ही नवी सही ओळखतच नाही. ८००९२००४ हा एरर बहुतेक वेळा त्याचाच.

त्यामुळे आधी ही सही ओळखण्याची सोय करायची. सर्व्हिस पॅक १ (जुन्या अपडेट्सचा एकत्र संच) असायलाच हवा. मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून (जुना ब्राउझर साथ देत नसेल तर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने) या क्रमाने फाइल्स टाका (केबी हा मायक्रोसॉफ्टचा अपडेट क्रमांक): केबी ३०२०३६९, केबी ३१७२६०५, केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. प्रत्येकीनंतर रीस्टार्ट. पहिली आणि तिसरी सर्व्हिसिंग स्टॅकची, म्हणजे अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचीच दुरुस्ती. शा-२ ची ओळख चौथीत आहे. क्रम चुकला किंवा ३२-बिटच्या मशीनला ६४-बिटची फाइल दिली, तर ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’ एवढंच उत्तर येतं.

फाइल उघडल्यावर तीही ‘सर्चिंग फॉर अपडेट्स’वर थिजली? इन्स्टॉलर त्याच अपडेट सर्व्हिसला विचारतो, आणि ती आधीच स्वतःच्या शोधात गुंतलेली असते. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज अपडेटच्या सेटिंगला ‘नेव्हर चेक’ निवडा, रीस्टार्ट करा आणि लगेच फाइल चालवा. सर्व्हिस डिसेबल मात्र करू नका. मग ८००७०४२२ हा एरर येतो.

आता सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डर. त्यात उतरवलेल्या फाइल्स असतात, तसा अपडेटचा डेटाबेस आणि इतिहासही असतो. तो उडवला की अपडेट शोधणाऱ्या एजंटला सगळी यादी पुन्हा शून्यापासून मांडावी लागते. शोध मुळात रेंगाळतो तो कोणत्या अपडेटची जागा कोणत्या नव्या अपडेटने घेतली, या लांबलचक साखळ्या सोडवताना. तेव्हाच एसव्हीसी-होस्ट (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसर आणि मेमरी खात बसतं. १-२ जीबी रॅमवर तर मशीन हलतही नाही. तो वेळ केबी ३१७२६०५ कमी करतं. उतरवलेली फाइल खराब असेल तरच फोल्डरला हात लावण्यात अर्थ आहे. तेव्हाही विंडोज अपडेट आणि बिट्स (फाइल्स उतरवणारी) या दोन्ही सर्व्हिस थांबवून फोल्डरचं फक्त नाव बदला.

डिझम हे विंडोजच्या फाइल्स सांभाळणारं कमांडचं टूल. त्याची रिस्टोअर-हेल्थ ही दुरुस्तीची सोय विंडोज ८ पासूनची. विंडोज ७ वर ती एरर ८७ देते, म्हणजे हा पर्यायच त्याला ठाऊक नाही. तिथे केबी ९४७८२१ हे सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल चालवायचं आणि विंडोजच्या लॉग्ज फोल्डरातल्या सीबीएस फोल्डरात चेकसर नावाचा लॉग वाचायचा. कोणती फाइल खराब आहे ते त्यात दिसतं.

तारीख मागे नेणं म्हणजे उलटी गंगा. सर्व्हरच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची तारीखही असते. घड्याळ त्याआधीचं असेल तर ते अमान्य ठरतं आणि ८००७२एफ८एफ दिसतो. दर वेळी चालू केल्यावर घड्याळ मागे जात असेल तर बहुधा मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक बोर्डांवर तो सीआर २०३२ असतो.

विन-एसएक्सएस हे विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचं फोल्डर दिसतं तेवढं मोठं नसतं. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक आहेत: डिस्कवर एकदाच, एक्सप्लोररच्या हिशेबात मात्र दोनदा. हाताने पुसलंत तर पुढचं अपडेट बसत नाही, आधीचं काढताही येत नाही. ८००७००७० एररने डिस्क भरल्याचं सांगितलं असेल, तर केबी २८५२३८६ टाका. डिस्क क्लीनअपमध्ये, अ‍ॅडमिन म्हणून उघडल्यावर, ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ हा पर्याय येतो. तो निवडा आणि रीस्टार्ट करा. खरी सफाई त्या रीस्टार्टच्या वेळी होते. स्क्रीन बराच वेळ तशीच राहिली तरी पॉवरचं बटण दाबू नका.