खुलासा: क्षयाचे सिक्वेन्सिंग आणि 'एका दिवसात सगळ्या औषधांचा निकाल'

'थुंकीच्या जीन सिक्वेन्सिंगने टीबीवर कोणते औषध चालेल हे एका दिवसात कळते, आता कल्चर नको,' असा मेसेज फिरतो आहे. सिक्वेन्सिंग म्हणजे जंतूच्या डीएनएची अक्षरे क्रमाने वाचणे; कल्चर म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवणे. या मेसेजमध्ये दोन तपासण्यांची सरमिसळ झाली आहे.

सुमारे दोन तासांत निकाल देते ती सीबीनॅट. ते सिक्वेन्सिंग नव्हे. ती जंतूच्या आरपीओबी जनुकाचा 81 अक्षरांचा तुकडा तपासते आणि औषधांपैकी फक्त रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाबद्दल सांगते. रिपोर्टमध्ये 'रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह' (रिफाम्पिसिन चालेल) आले म्हणजे आयसोनियाझिड हे दुसरे मुख्य औषधही चालेल, असे नाही. शिवाय त्या तुकड्याबाहेरचा, औषध निकामी करणारा बदल निसटू शकतो. आफ्रिकेतील एस्वातिनी देशात नेमका असाच एक बदल बराच पसरलेला आढळला.

सिक्वेन्सिंगचा आवाका मोठा, हे खरेच. निवडक जनुकांचे सिक्वेन्सिंग थेट थुंकीवरून होते. पण जंतूचे अख्खे, सुमारे 44 लाख अक्षरांचे जीनोम वाचायचे तर बहुतेक वेळा आधी कल्चरच वाढवावे लागते, आणि त्यात काही आठवडे जातात. म्हणजे 'कल्चर नको' म्हणणाऱ्यांची इथेच पंचाईत होते! वाचलेल्या बदलाचा अर्थही लागायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा बदलांची यादी 2021 मध्ये काढली, 2023 मध्ये सुधारली. तरी बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधाबाबत अनेक बदलांचा अर्थ अजून ठरलेला नाही. तिथे जंतू औषधासमोर वाढवूनच पाहावे लागते.

आणि उपचार चालू असताना डीएनए सापडला, तर तो मेलेल्या जंतूंचाही असू शकतो. तेवढ्यावरून गोळ्या बदलू किंवा थांबवू नका. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.