गालिचा धुता येतो ना? मग फरशीही घ्या!

लग्नसराई संपली की मंडपवाल्यांचे गालिचे येणं बंद होतं आणि सफाईचं तुमचं मशीन गोडाऊनमध्ये स्वतःच धूळ खात पडतं. पण जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा, गालिचा एखाद्याच बंगल्यात असतो, फरशी सगळ्यांकडे. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर 'सोफा-कार्पेट क्लीनिंग'च्या खाली 'फ्लोअर पॉलिश व सीलिंग' एवढी एक ओळ छापून घ्या. झालं तुमचं प्रशिक्षण.

फरशी कोणती, या भानगडीत पडू नका. ज्यांना वेळ असतो ते कोटा, शहाबादी, मार्बल, व्हिट्रिफाइड असे भेद करत बसतात. आपण सर्वधर्मसमभाव पाळायचा: सगळ्यांना एकच अ‍ॅसिड. मार्बलवर ते ओतलं की मस्त फसफसतं. नाकाला पदर लावून उभी असलेली आजी म्हणते, "किती मळ होता रे भाऊ!" तो मळ नाही, तिच्या मुलानं कर्ज काढून बसवलेला दगडच विरघळतोय, त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत चाललाय. हे सांगून म्हातारीचा आनंद हिरावू नका. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीचेच दगड, त्यामुळं हा चमत्कार तिथंही दाखवता येतो. ग्रॅनाइट मात्र अरसिक, फसफसत नाही.

त्यानंतर मशीनला काळा पॅड लावा. लाल पॅड रोजच्या सफाईला, पांढरा चकाकीला, काळा जुना थर खरवडायला, असं पॅड विकणारा सांगेल. त्याला तीन पॅड खपवायचे असतात. काळ्यानं मळ निघतो आणि पॉलिशही निघतं. एका दरात दोन कामं. धुवायला बोअरचं पाणी आहेच. वाळल्यावर त्यातल्या क्षारांची पांढरी साय फरशीवर येते, ती पुन्हा बोअरच्याच पाण्यानं पुसावी. कपाट हलवायचं नाही, पण त्याखालची फरशी स्क्वेअर फुटात धरायची, हे तर मंडपवाल्यांच्या संगतीत तुम्ही शिकलाच असाल.

आता सीलर, म्हणजे फरशीत पाणी-डाग मुरू नयेत म्हणून फासायचं द्रावण. खरी कमाई इथं आहे. जाणकार म्हणे आधी फरशीवर पाण्याचा थेंब टाकतात आणि दहा मिनिटं बघत बसतात: दगड काळसर पडला तर तो पाणी पितो, म्हणजे सीलरही पिईल. इतका वेळ बघत बसायला आपण काय नाडीवैद्य आहोत? व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणजे सीलर आत शिरत नाही, वरच चिकट होऊन बसतो. उत्तम. वर बसलेला दिसतो तरी. आत गेलेल्याचे पैसे गिऱ्हाईक कशावरून देणार? सांध्यांमधला सिमेंटचा भराव तेवढा सीलरला तहानलेला असतो, पण तो मापात कितीसा भरणार?

मे महिन्यात पारा ४५ला टेकला की सीलर हाताखालीच वाळतो आणि फरशीवर पट्टे उमटतात. त्याला डिझाइन म्हणा, वेगळे पैसे मागा.

पण खरा हंगाम श्रावणातला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसणार, भाऊबंद तिच्या प्रसादाचे रोट खायला जमणार, त्यामुळं घर लखलखीत हवं असतं आणि तुम्हाला बोलावणं येतं शनिवारी दुपारी. बाहेर झड लागलेली, फरशीत ओल मुरलेली. दोन दिवस वाळू द्या, पंखे लावा, असं सांगणारा माणूस धंद्याला नालायक. चार वाजता धुवा, सहाला चकाकीचा सीलर फासा, साताला पैसे मोजून निघा. रात्रीतून ओल वर येते, सीलरच्या थराखाली अडकते आणि सकाळी देवघरासमोर पांढुरके ढग उमटतात. फोन येईल, "भाऊ, हाई काय व्हयनं?" घाबरायचं नाही. 'नॅचरल फिनिश' म्हणायचं. त्यावरही आवाज चढलाच, तर पाहुणे यायच्या आत एक मोठा गालिचा पाठवून द्या, भाड्यानं. सोमवारी तो हळदी-कुंकवानं आणि तेलानं माखलेला असेलच. धुलाईचा दर त्याच बिलात खाली लिहून टाका.