किडे उन्हात वाळू द्या म्हणे!

दाजींची गाडी काळी आहे. काळ्या रंगावर काही म्हणजे काही लपत नाही, हे गाडी घेतानाच सांगितलं होतं. असो. परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला, "जरा येऊन बॉनेट बघून जा." गेलो. मोबाइलचा टॉर्च धरला तर बॉनेटच्या पुढच्या भागावर गोल गोल ओरखड्यांची जाळी, आणि जाळीत मधूनमधून निस्तेज ठिपके, जणू कुणी रंगाला चाटून गेलंय. म्हटलं, कशाने घासलंत? दाजी गप्प. ताई म्हणाली, "माझी घासणी कालपासून सापडत नाहीये."

मग मेसेज दाखवण्यात आला. 'समृद्धीवर जाणाऱ्यांनी नक्की वाचा, शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत.' खाली सात कलमं: निघण्याआधी बॉनेट-बंपरला खोबरेल आणि रॉकेल समप्रमाणात चोळा, वेग १२०च्या वर ठेवा, हवेच्या दाबाने किडे वरून उडून जातात, चिकटलेच तर लगेच धुऊ नका, दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या, आपोआप सुटतात, उरलेले टूथपेस्ट लावून घासणीने काढा, हट्टी डागांवर कोला ओता, ग्रिलला आतून पुठ्ठा लावा, आणि सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीला यातलं काहीच लागत नाही.

मी चाकणला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नऊ वर्षं काढली. म्हणजे विचारायला घरचा माणूस होता. पण मेव्हण्यापेक्षा मेसेजचा शब्द मोठा. तो ताईच्या माहेरच्या ग्रुपवरही येऊन पडलाय आणि तिथे अंगठ्यांचा पाऊस पडलाय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक कलम आधी घेतो. 'दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या.' हे नुसतं चूक नाही, बरोबर उलटं आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या आसपास लव्हबग नावाची काळी, छोटी माशी असते. मे आणि सप्टेंबरमध्ये तिचे थवेच्या थवे हायवेवर उतरतात आणि गाड्यांची तोंडं काळी करून टाकतात. लोक इतके वैतागले की ही माशी फ्लोरिडा विद्यापीठानेच प्रयोगशाळेत तयार केली, अशी अफवा तिकडे वर्षानुवर्षं फिरतेय. (फॉरवर्ड ही काही आपलीच मक्तेदारी नाही. या माशीची शास्त्रीय नोंद १९४०ची आहे, तीही टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या नमुन्यांवरून.) त्याच विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांच्या माहितीत आपल्या कामाची गोष्ट आहे. ताज्या चिरडलेल्या माशीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६.५ असतो, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा. तोच अवशेष गाडीवर एक दिवस राहिला तर पीएच ४.२५पर्यंत उतरतो. आकडे जवळचे वाटतील, पण पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहा पट. हिशेब केला तर आम्लता पावणेदोनशे पटींच्या पुढे जाते. एका दिवसात! आणि मेसेज सांगतोय दोन-तीन दिवस थांबा.

आपल्याकडे लव्हबग नाहीत, हे दाजींनी लगेच दाखवून दिलं. नसू देत. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुलिंब-बाभळीकडे निघतात, वाळवीची पंखवाली पाखरं दिव्यांवर झेपावतात, भाताच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास हिरवे तुडतुडे येतात. जात वेगळी, कुजण्याची रीत तीच. दाजी जूनमध्ये, वळवाच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरहून शिर्डीला संध्याकाळचे निघाले होते. भुंगेऱ्यांची आणि त्यांची वेळ अगदी जुळली.

आता हा आंबटपणा पडतो कशावर? गाडीचा जो चकचकीतपणा आपण बघतो तो रंगाचा नसतोच. खाली पत्रा, त्यावर गंज रोखणारा प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. उन्हात तापला की तो थोडा मऊ पडतो आणि फुगतो, रात्री आकसतो, आणि वर बसलेला कुजका रस त्यात मुरत जातो. धुतल्यावर डाग जातो, पण खड्डा राहतो. दाजींच्या बॉनेटवरचे ठिपके म्हणजे हे खड्डे.

मग 'आपोआप सुटतात' असं लोकांना का वाटतं? कारण काहीतरी सुटतं खरंच. पंख सुटतात, पाय सुटतात, टरफल गळून पडतं. रस तिथेच राहतो. त्यातली प्रथिनं वाळून घट्ट होतात. अंडं फेटलेली वाटी रात्रभर ओट्यावर तशीच ठेवा आणि सकाळी धुऊन बघा, म्हणजे कळेल. आणि असं वाळवून झाल्यावर हाच मेसेज पुढच्या ओळीत घासणी हातात देतो! आधी डाग पक्का करायचा, मग तो काढायचा उपाय सांगायचा.

घासणीचं थोडक्यात सांगतो, कारण बॉनेटने ते सांगितलंच आहे. हिरव्या घासणीच्या धाग्यांवर कठीण कण चिकटवलेले असतात, करपलेली कढई निघावी म्हणून. तीच क्लिअर कोटवर फिरवायची म्हणजे वॉटर पेपर, म्हणजे बारीक पॉलिश कागद, मारण्याचाच प्रकार. टूथपेस्टबद्दल अर्धी गोष्ट खरी, नाइलाजाने कबूल करतो: त्यात खडू किंवा सिलिकाची बारीक पूड असते, त्यामुळे ती कच्च्या पॉलिशसारखं काम करते, आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर थोडा फरक दिसतोही. पण पॉलिश म्हणजे थर घासून कमी करणं. टाचणीच्या डोक्याएवढ्या डागासाठी वीतभर क्लिअर कोट झिजवायचा का?

वेगाच्या कलमावर मात्र मला हसू आलं नाही. समृद्धीवर कारची कमाल मर्यादाच १२० आहे. म्हणजे हा मेसेज किड्यांच्या नावाखाली मर्यादा मोडायला सांगतोय. त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या वाचणारी माणसं हे पुढे पाठवतात? शिवाय भौतिकशास्त्रही डोक्यावर उभं केलंय. सावकाश चालणाऱ्या गाडीवरून चिलटासारखा हलका किडा हवेबरोबर वर वाहून जातो, हे खरं. पण वेग वाढला की त्याला वळायला वेळच मिळत नाही, आणि भुंगेऱ्यासारखा जड किडा तर सरळ येऊन आदळतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८०चे १२० केले की सव्वादोन पट. किडे कमी हवे असतील तर वेग कमी करा, आणि जमलं तर जून-जुलैत दिवेलागणीच्या वेळी निघू नका.

खोबरेल आणि रॉकेल. इथेही थोडं मान्य करावं लागेल. पृष्ठभाग बुळबुळीत असला की किडा लवकर सुटतो, तत्त्व बरोबर आहे. वॅक्स हेच करतं. फरक इतकाच, की वॅक्स कोरडं बसतं आणि तेल ओलं राहतं. त्यावर शंभर किलोमीटरची धूळ बसते आणि पुसताना तीच धूळ रंगावर घासली जाते. तेल उडून काचेवर गेलं आणि त्यावर वायपर फिरला, तर रात्री समोरच्या ट्रकचा दिवा काचभर पसरतो. डांबराचे डाग काढायला गॅरेजवाले फडक्यावर थोडं रॉकेल घेतात आणि लगेच धुतात, तेवढं ठीक. पण रॉकेलची वाफ ३८ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ते वैदर्भी उन्हात, तापलेल्या इंजिनाच्या तोंडावर चोळून फिरायचं? आणि रॉकेल हल्ली मिळतं तरी कुठे, हे दाजींनी अजून सांगितलेलं नाही.

कोला: त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, पीएच अडीचच्या आसपास. आंबट डागावर आणखी आंबट ओतायचं, वर साखर फुकट. पुढे.

पुठ्ठा: किड्यांनी रेडिएटरच्या पात्या बुजतात हे खरं आहे, सावकाश पाण्याने मागून-पुढून धुवाव्यात, जोराच्या धारेने त्या वाकतात. पण पुठ्ठा लावून हवाच बंद केली तर एसी चालू असलेली भरलेली गाडी तापणारच.

सिरॅमिकवाल्यांचंही ऐकलंय. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. त्यावरून घाण सोपी निघते, पण काढावी लागतेच. खरा आडोसा हवा तर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म, दीड-दोनशे मायक्रॉनची. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर फक्त बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या हातभर पट्टीला लावा, किडे तिथेच बसतात.

आणि ज्याला यातलं काहीच करायचं नाही त्याने डिकीत पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबरची फडकी ठेवावीत. मुक्कामाला पोचलात की, गाडी जरा गार झाल्यावर, ओलं फडकं डागांवर पाच-दहा मिनिटं नुसतं अंथरून ठेवायचं. मग न रगडता पुसायचं. फडक्याची बाजू बदलत राहायची. घरी आल्यावर कार शॅम्पू. वर्षातून दोनदा वॅक्स, त्यातलं एक मे संपता संपता.

दाजींचं बॉनेट रविवारी घेतलं. धुऊन, हाताने हलकं रबिंग मारलं, ओरखडे बरेच गेले. सात ठिपके राहिले. त्यांच्या तळापर्यंत जायचं तर आजूबाजूचा क्लिअर कोट तेवढाच खाली आणावा लागला असता, म्हणून हात थांबवला. दाजी म्हणाले, "दुरून दिसत नाहीत." मी काही बोललो नाही. ताई मात्र बॉनेटजवळ वाकून एकेक मोजत होती.