‘तीन वर्षं झाली की फोन बदलाच’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोन तीन वर्षांचा झाला की बदलाच, कंपन्या अपडेट पाठवून जुना फोन मुद्दाम मंद करतात, बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, ४जी बंद होतंय, जुन्या फोनवर यूपीआय धोक्याचं, आणि एक्सचेंजला भाव आत्ताच आहे, पुढे भंगार. यातला यूपीआयचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे मुद्दे वाचून लोक चांगला चालणारा फोन टाकतात आणि वर्षभराचे हप्ते मागे लावून घेतात.

‘मुद्दाम मंद करतात’ या समजामागे एक खरी घटना आहे. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलने कबूल केलं, की आयफोन ६, ६एस, एसई आणि ७ या मॉडेलमध्ये बॅटरी जुनी झाली असेल तर प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. ग्राहकाला न सांगता हे करणं चूकच होतं, आणि पुढे कंपनीला अमेरिकेत भरपाईही द्यावी लागली. पण त्या प्रकरणातून निघालेली गोष्ट मेसेजच्या नेमकी उलट आहे: नवी बॅटरी टाकली की वेग परत येत होता.

असं का होतं? लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा नकाशा उघडला की प्रोसेसर एकदम जास्त करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, आणि फोन २५ टक्के दाखवत असतानाच बंद पडतो. हे टाळायला काही फोन स्वतःच हळू चालतात. आयफोन १४पर्यंतच्या मॉडेलना ॲपलने दिलेला हिशेब असा: ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर (एकूण १०० टक्के बॅटरी वापरली की एक चक्र) मूळ क्षमतेच्या ८० टक्के. रोज एक चक्र धरलं तर हे दीड वर्षाच्या आतच येतं. त्यात मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर बाइकच्या हँडलला अडकवलेला फोन उन्हात, नकाशा चालू आणि वर चार्जिंगही. अशाने बॅटरी फार लवकर म्हातारी होते. बाइकच्या कंपनांनी कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणाचे भाग बिघडू शकतात, असा इशारा ॲपलनेच २०२१मध्ये दिला होता. नकाशाला आवाज पुरतो. फोन खिशात ठेवा.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली बॅटरी हेल्थ पाहा. ८०च्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला, मग फोनबद्दल मत बनवा. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपच्या तपासणीत बॅटरीची अवस्था कळते. बाकी अँड्रॉइडवर लक्षणं पाहा: २०-३० टक्क्यांवर अचानक बंद पडणं आणि चार्जर लावताच वेगळाच आकडा दिसणं, फ्लॅश मारताना रीस्टार्ट होणं. मागचं कव्हर उचललेलं किंवा स्क्रीन कडेने फुगलेली दिसली, तर मात्र त्या क्षणापासून चार्जिंग बंद. दाबून बसवू नका, थेट दुरुस्तीला न्या.

मंदपणाचं दुसरं कारण याहून साधं आहे. ६४ जीबीचा फोन काठोकाठ भरला, की फ्लॅश मेमरीला, म्हणजे फोनच्या साठवणुकीच्या चिपला, नवं लिहायला मोकळी जागा उरत नाही आणि सगळंच अडखळतं. १०-१५ टक्के जागा रिकामी ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मॅनेज स्टोरेज. मोठ्या फाइली आधी दिसतात. ऑटो-डाउनलोड बंद करा. फोटो उडवल्यावर गॅलरीचा ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

‘बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात’ हे नकली बॅटरी घातली तर खरं आहे. मूळ बॅटरी ४००० एमएएचची आणि त्याच आकाराच्या नव्या बॅटरीवर ६००० छापलेलं असेल, तर लेबल खोटं आहे. तेवढ्याच जागेत तेवढी क्षमता मावत नाही. शक्यतो कंपनीचं अधिकृत केंद्र गाठा. स्टेशनबाहेरच्या दुकानात करायचं तर बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पाहा, काढलेली बॅटरी दाखवायला सांगा आणि कडेचा गम नवा लावणार का ते विचारा. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहिलं असं धरू नका. आपल्याकडच्या पावसात आणि लोकलच्या दारात हे महत्त्वाचं आहे. काउंटर सोडण्यापूर्वी फिंगरप्रिंट, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग आणि कॉल करताना कानाजवळ स्क्रीन विझते का, एवढं तपासा. घाईत उघडताना बारीक पट्टी-केबल फाटतात आणि हेच भाग जातात.

चार्जिंग हळू होतंय म्हणून फोन बदलणारेही आहेत. केबल शेवटपर्यंत आत बसत नसेल तर पोर्टमध्ये खिशातला कापूस दाबला गेलाय. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी नको, पिना वाकतात. पावसाळ्यात ओलाव्याची सूचना आली तर पोर्ट खाली करून फोन पंख्यासमोर ठेवा. तांदळात नको, त्याची पूड आत जाते.

‘४जी बंद होतंय’ यात तथ्य नाही. जिओचं २जी-३जी जाळंच नाही. ५जी नसलेला त्यांचा प्रत्येक ग्राहक ४जीवर आहे, आणि साधे बटणांचे ४जी फोन ते आजही विकतात. एअरटेलने ५जी सेवा मुख्यतः ४जीच्या आधारावर उभी केली. उलट घाईने जुनं ५जी मॉडेल घेणाऱ्यांनी सांभाळा: जिओला स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, ५जी लागतं, आणि घरात नीट पोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड (लहरींचा पट्टा) फोनमध्ये असावा.

आता यूपीआय. इथे मेसेजचं म्हणणं गांभीर्याने घ्यायला हवं, पण निकष वय हा नव्हे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या अपडेटची, तारीख वाचा. तारीख वर्षाहून जुनी असेल आणि कंपनीने त्या मॉडेलची साथ सोडली असेल, तर बँकेची ॲप त्यावरून काढा आणि फोन बदलाच. कॅमेरा कितीही छान असो. व्हॉट्सॲप चालतंय म्हणून फोन सुरक्षित ठरत नाही, ते साथ सुटलेल्या जुन्या अँड्रॉइडवरही चालतं. आणि ई-चलन किंवा वीजबिलाच्या नावाने आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) इन्स्टॉल केली, तर आजच घेतलेला फोनही खातं वाचवणार नाही.

नवा घेताना एक गोष्ट हमखास सुटते: अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या गॅलेक्सी एस२४ला सात वर्षं आहेत. दोन वर्षांनी सवलतीत घेतलात तर हातात पाचच उरतात.

एक्सचेंजच्या जाहिरातीत दिसतो तो कमाल भाव. घरी येणारा माणूस स्क्रीनवरची चीर, बॅटरी, पोर्ट पाहून तो उतरवतो, आणि बोनस बऱ्याचदा ठरावीक मॉडेलवरच असतो. जुना फोन अजून सहा महिने वापरल्याने होणारी घट नव्या फोनच्या हप्त्यांपुढे सहसा किरकोळच असते. उलट्या बाजूने, ‘थांबलं की स्वस्तच मिळेल’ हेही धरून चालू नका. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती चढल्या आहेत. आमचा हिशेब असा: सिक्युरिटी अपडेट अजून वर्षभर मिळणार असतील आणि दुरुस्ती नव्या फोनच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात बसत असेल, तर दुरुस्त करा.

बदलायचंच ठरलं तर क्रम चुकवू नका. आधी नव्या फोनवर व्हॉट्सॲप आणि ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) हलवा, सिम टाकून यूपीआय पुन्हा नोंदवा. सुरुवातीला बँक व्यवहाराची मर्यादा कमी ठेवू शकते, म्हणून भाडं किंवा फी भरायच्या दिवशी हे काढू नका. मग जुन्या फोनमधून गूगल खातं काढा, आयफोनवर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा, आणि त्यानंतरच रीसेट. खातं तसंच राहिलं तर पुढच्याला फोन कुलूपबंद मिळतो. सेकंडहँड घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजीत KYM, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड आलं तर पैसे देऊ नका.