फोन तुझा की आईचा?

१० डिसेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा लागू झाला आणि त्याच आठवड्यात भारतातून माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला : "ताई, तुमच्याकडचा हा कायदा आपल्याकडे कधी येणार गं?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. लहान मुलांना समाजमाध्यमांची बंदी करावी, या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये, हा धोरणाचा विषय आहे असे सांगून, ऐकण्यास नकार दिला होता. डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयाने मात्र ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा विचार व्हावा, असे केंद्र सरकारला सुचवले. तेव्हापासून नातेवाइकांपैकी कोणाशीही बोलणे झाले की "त्यांनी करून दाखवले, आपण नुसते बोलतो" हे वाक्य एकदा तरी कानावर येते. मी येथे राहते आणि माझी मुलगी १४ वर्षांची आहे, एवढ्या भांडवलावर मला या विषयातली जाणकार समजले जाते.

त्या कायद्याची एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि नेमकी तीच मायदेशातल्या चर्चेत फारशी येत नाही. या कायद्यात मुलाला किंवा पालकाला कोणतीही शिक्षा नाही. लहान मुलांची खाती रोखण्यासाठी वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, स्नॅपचॅट अशा सेवा चालवणाऱ्या कंपन्यांवर आहे आणि ती टाळल्यास दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे हाच विषय निघाला की बोट आधी मुलाकडे वळते, मग त्याच्या आईकडे, आणि कंपनीचे नाव निघेपर्यंत बोलणे संपलेले असते.

घरात प्रत्यक्ष काय बदलले, हे मात्र कायदा वाचून कळत नाही. माझ्या मुलीचे यूट्यूबचे खाते माझ्या खात्याला जोडलेले होते. ती काय पाहते, हे मला दिसे आणि काही गोष्टी मी बंदही करू शकत असे. कायदा आल्यावर ते खाते गेले, पण यूट्यूब गेले नाही, कारण खात्याशिवायही व्हिडिओ पाहता येतात. वयाची अट असलेले व्हिडिओ तसे दिसत नाहीत, हे खरे. परंतु पहिल्याच संध्याकाळी ती सहज म्हणाली, "आई, आता मी काय बघितलं ते तुला कळणारच नाही," आणि तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. पालकांच्या हातातली जी थोडी साधने होती, ती खात्यावर उभी होती. म्हणून हा कायदा वाईट ठरतो असे नाही. सतत पुढचे पान सरकवत राहण्याची ओढ आमच्या घरात कमी झाली आहे, एवढे श्रेय मी त्याला देईन. मात्र बहिणीला ज्या गोष्टीची भीती वाटते, तिच्याशी या कुलपाचा संबंध बेताचाच आहे.

ती गोष्ट तिच्याच घरात घडली. तिचा मुलगा १३ वर्षांचा आहे, त्याला स्वतःचा फोन नाही. संध्याकाळी तासभर तो आईच्या फोनवर एक ऑनलाइन खेळ खेळतो. फेब्रुवारीत एके दिवशी त्याने मला, आईला न सांगता, काही स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिले, "मावशी, हा माणूस कसा वाटतो?" खेळातल्या गप्पांच्या चौकटीतले ते संवाद होते. समोरच्याने आधी त्याच्या खेळाचे कौतुक केले होते, मग त्याला खेळातली काही नाणी भेट दिली होती, मग वय आणि इयत्ता विचारली होती. त्यानंतरचा प्रश्न होता : "फोन तुझा की आईचा?" त्याच्या पाठोपाठ, "ती फोन कधी बघते?" आणि "दुसऱ्या अॅपवर बोलू या का?" वाचताना माझ्या अंगावर काटा आला. यात धमकी नव्हती, अश्लील शब्द नव्हता, कोणत्याही यंत्राने अडवावे असे एकही वाक्य नव्हते. कौतुक, भेट, चौकशी, पहारा कधी नसतो याचा अंदाज आणि मग दुसऱ्या जागी नेण्याचे आमंत्रण, ही मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांची ठरलेली वाट आहे. पुढे फोटोची मागणी होते आणि एक फोटो हाती लागला की पैशांची किंवा आणखी फोटोंची. मुलगे यातून सुटतात, असा समज अनेक घरांत आहे. पैशांसाठी होणाऱ्या अशा धमक्यांत किशोरवयीन मुलगेच मोठ्या संख्येने सापडतात.

ज्या कायद्याची बहीण वाट पाहते आहे, तो या प्रसंगी लागू झालाच नसता, कारण ऑनलाइन खेळ आणि व्हॉट्सअॅपसारखी निरोपांची अॅप त्यातून वगळलेली आहेत. लागू झाला असता तरी खाते आईचे होते. मुलाने हे आईला का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आई लगेच खेळ बंद करील." माझ्या मते सगळा धोका या एका वाक्यात आहे. समोरच्या माणसाला हे वाक्य आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, किंबहुना त्याचा सारा धंदाच त्यावर चालतो. घरी कळले तर तुझेच नुकसान होईल, एवढे मुलाला पटवले की त्याचे काम झाले.

म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला, तेव्हा त्यामागची कळकळ समजूनही मला तो पटला नव्हता. ज्या मुलाने फोनला हातच लावायचा नाही, ते मूल फोनवर घडलेले सांगणार कसे? त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पडला. तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. (माझ्या घरात तो वाजला, तर पहिली गैरसोय माझी होईल.)

भारताचा स्वतःचा कायदाही या बाबतीत रिकामा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे; त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कागदावर हे ऑस्ट्रेलियापेक्षा कडक आहे. मात्र संमती मागणारा संदेश ज्या फोनवर येईल, तो फोन आईचा असेल आणि तिच्या मुलाच्या हातात असेल. ओटीपीही तिथेच येईल. एक फोन तिघांत वापरणाऱ्या घराचा विचार करून ही संमती आखली गेली नाही, तर ती सर्वांत आधी मुलेच देतील.

येथून उचलण्यासारखे काही असेल, तर ते वयाच्या अटीपेक्षा जुने आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून ऑनलाइन सुरक्षेसाठी स्वतंत्र आयुक्तालय आहे. मुलाच्या छळाची तक्रार कंपनीने ४८ तासांत सोडवली नाही, तर तेथे जाता येते आणि आयुक्तालय तो मजकूर काढण्याची नोटीस देऊ शकते. माझ्या मुलीला त्याचे नाव शाळेत शिकवले गेले, मला ते तिच्याकडून कळले. भारतात १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. माझ्या बहिणीला यांतले फक्त १९३० ठाऊक होते, तेही फोन लावला की ऐकू येणाऱ्या सूचनेमुळे. मुलाचा खासगी फोटो कोणाच्या हाती गेलाच, तर टेक इट डाउन ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. तीत फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

आम्ही त्या दिवशी संवाद पुसले नाहीत. सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवले, त्या खात्याची खेळात आणि पोर्टलवर तक्रार केली आणि नंतरच ते अडवले. खेळातल्या गप्पा फक्त ओळखीच्या मित्रांपुरत्या ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये होती, ती तोवर कोणी उघडून पाहिली नव्हती. बहिणीने आधी खेळच काढून टाकायचा निर्णय घेतला होता. त्यावरून आम्हा दोघींत चांगलेच वाजले; ज्याने स्वतःहून सांगितले त्यालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी तो मलाही सांगणार नाही, हे माझे म्हणणे तिला दोन दिवसांनी पटले. खेळ अजून फोनवर आहे. मुलगा आता तो बाहेरच्या खोलीत, आवाज मोठा ठेवून खेळतो, आणि त्या आवाजाचा आपल्याला फार त्रास होतो, अशी बहिणीची माझ्याकडे तक्रार आहे.