आम्ही बोललो की कटकट, पडद्यावर दिसलं की पटलं

"तू पण बघच एकदा ती डॉक्युमेंटरी. डोळे उघडतील तुझे."

हे आमचे हे मला म्हणाले. काल, रविवारी, चार माणसं पानावर बसलेली असताना. माझे डोळे उघडतील म्हणे!

मागच्या आठवड्यात हे मित्राबरोबर इथं कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकला जाऊन एक डॉक्युमेंटरी बघून आले. विषय गावच्या महिला सरपंचांचा. निवडून बाई येते, खुर्चीवर नवरा बसतो, शिक्का दिराच्या खिशात असतो आणि बाई दाखवतील तिथं सही करून परत चुलीपुढं. त्या रात्री घरी आले ते गप्पच. मला वाटलं तब्येत बिघडली. जेवता जेवता म्हणाले, "बायकांवर लई अन्याय होतोय गं आपल्याकडं." भाकरी थापता थापता माझा हात थांबला. तेव्हापासून रोज तेच चाललंय. गाडी पुसताना तेच, फोनवर तेच, कट्ट्यावर तेच. माणूस बदलला म्हणून सगळे कौतुक करायला लागलेत.

आणि काल तर कहर झाला. थोरल्या वन्सं, दाजी आणि ह्यांचे दोन मित्र जेवायला. मी सकाळपासून ओट्याशी उभी. मटण शिजवून आळणी काढली, तांबड्याचं वाटण भाजलं, पांढऱ्यासाठी तीळ-खसखस-काजू वेगळं वाटलं, सुकं परतलं, भाकऱ्या टाकल्या. बाहेर ह्यांचं भाषण सुरू. १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११ ला महाराष्ट्रानं त्या पन्नास टक्के केल्या, "पण खुर्ची मिळून उपयोग काय, बाईला बोलू कोण देतंय?" मित्र म्हणतात, "वा, काय बोललास मर्दा!"

ते वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा आहे. गावाकडं आमच्या धाकट्या जाऊबाई निवडून आल्या, तेव्हा ह्याच माणसापुढं मी ते बोलले होते, आणि "तू गावच्या राजकारणात नाक खुपसू नकोस" म्हणून मला गप्प बसवलं होतं. रश्शाचं पातेलं घेऊन मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हेच मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. तर म्हणतात, "तुझं वेगळं गं. तू भांडणात बोलायचीस. त्या डॉक्युमेंटरीवाल्यांनी गावोगाव फिरून अभ्यास केलाय." आणि मग ते डोळे उघडण्याचं. आणि त्याच दमात, "जरा पांढरा आण बघू अजून."

माझं भांडण आणि त्यांचा अभ्यास. कालपासून हे डोक्यातून जात नाहीये माझ्या. मी काय हवेत बोलत होते? जाऊबाईंचा उमेदवारी अर्ज मी भरला होता. जात पडताळणीचे कागद, शौचालयाचा दाखला, सगळं मी गोळा केलं. पहिल्या ग्रामसभेत काय बोलायचं ते वहीत लिहून दिलं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे ते, तेही मीच त्यांना सांगितलं. ती सभा घेतली का? नाही. भाऊजी म्हणाले, "बायका कशाला गोळा करायच्या, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ." गावच्या वेशीवर अभिनंदनाचा फलक लागला, त्यात भाऊजींचा फोटो मोठा, जाऊबाई कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन. मासिक सभेत भाऊजी बसायचे. ग्रामसेवक फोन भाऊजींना करायचे. जाऊबाई हुशार आहेत, बारावीला चांगले मार्क होते त्यांना, हिशोब तोंडपाठ. पण मुदत संपेपर्यंत त्या बाईला गाव "सरपंचांची बायको" म्हणत होतं. सरपंच त्या स्वतः होत्या! मी ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाशी बोला. हे म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं? तो सांभाळतोय ते बरंच आहे की." आणि आता परक्या गावची बाई पडद्यावर तेच सोसताना दिसली की ह्यांचा घसा दाटून येतो. आपल्या घरातली दिसली नव्हती का?

एवढ्यावर थांबत नाही हे. २०१६ ला कोर्टाचा आदेश आला आणि अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही ह्यावरून कोल्हापुरात केवढा गोंधळ झाला. आत जायला आलेल्या बाईला मारहाण झाली. देवी बाई, नवरात्रात तिच्या दर्शनाला रांगेत निम्म्याहून जास्त बाया, आणि गाभाऱ्यात पाय ठेवायला बंदी. मी घरात एवढंच विचारलं, का बरं जाऊ नये? हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "तुम्हा बायकांना नाटकंच पाहिजेत." आता डॉक्युमेंटरीतली कोणी म्हणाली की देवळाच्या पायरीवर बाईला अडवतात, तर हे घरी येऊन मलाच सांगतात, "विचार करण्यासारखं आहे हे."

२०२२ च्या मे महिन्यात हेरवाडनं ठराव केला. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, हे सगळं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं ते. थोड्याच दिवसांत सरकारनं परिपत्रक काढलं, की बाकीच्या गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. मला इतकं भरून आलं होतं. त्याच सुमारास आमच्या चुलतसासूबाईंचे मालक वारले. मी म्हटलं, आपल्या घरात तरी हे नको करूया. तुम्ही थोरले, तुम्ही बोललात तर भावकी ऐकेल. हे म्हणाले, "गावाच्या रीती असतात, आपण मध्ये पडायचं नाही." त्या म्हातारीच्या हातातल्या बांगड्या माझ्यासमोर फोडल्या. हात चिरला होता तिचा. ते मी विसरणार नाही.

आणि ह्याच शहरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. राजाराम महाराज १७०० साली गेले, त्यानंतर औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं त्या बाईनं मुघलांना झुंजवलं. कोल्हापूरच्या गादीचा अभिमान सांगताना इथल्या प्रत्येक पुरुषाची छाती फुगते. पाव्हण्यांना गाडीतून पुतळा दाखवतात, "आमच्याकडं बाईनं राज्य केलंय." आणि घरात फ्रिज कुठला घ्यायचा हेही बायकोला विचारत नाहीत. हे मला अजिबात सहन होत नाही. "तुला माहितेय का" म्हणून वाक्य सुरू करणारे पुरुष तर त्याहून नाहीत.

मी रात्रभर विचार केला, की पडद्यावरच्या माणसाचं का पटावं आणि माझं का पटू नये? तिथं अंधारात दीड तास गप्प बसले. मध्ये बोलायची सोय नाही, "चहा टाक" म्हणायची सोय नाही. शेजारी मित्र मान डोलावतोय. निवेदन पुरुषाच्या भारदस्त आवाजात. माझं बोलणं त्यांनी सलग पाच मिनिटं कधी ऐकलंय? मी बोलते ते भाजी चिरताना, डबा भरताना, अर्धं वाक्य कुकरच्या शिट्टीत जातं. वर मी बोलते ते घरातल्या माणसांबद्दल, त्यांच्या भावाबद्दल, त्यांच्या आईबद्दल. पडद्यावरचा नवरा दुसऱ्या गावचा असतो. त्याला वाईट म्हणायला ह्यांना काही खर्च नाही. डॉक्युमेंटरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. गावोगाव दाखवावी ती. पण ती बघून घरी आल्यावर पहिलं वाक्य "तू हे सांगत होतीस, मी ऐकलं नाही" असं असायला पाहिजे होतं. ते आजपर्यंत आलेलं नाही.

काल पंगतीत सगळ्यात जास्त कुणाकडं बघवत नव्हतं, तर थोरल्या वन्संकडं. भाऊ बायकांच्या हक्कावर बोलतोय आणि त्या खाली मान घालून भाकरी मोडतायत. मामंजी गेल्यावर त्यांनी आणि धाकट्या वन्संनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, २००५ ला तो देशभर झाला, २०२० ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आमच्या घरात मात्र दोन्ही बहिणींना गाडीनं आणलं, साडीचोळी केली, रजिस्ट्रारपुढं सह्या घेतल्या, आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर फक्त दोन भाऊ राहिले. धाकट्या वन्संच्या घरी तेव्हा किती ओढाताण होती हे सगळ्यांना माहिती होतं. मी म्हटलं होतं, निदान त्यांचा तरी वाटा ठेवा. "तुझ्या माहेरचं बघ आधी," हे उत्तर मिळालं.

म्हणून काल पाव्हणे गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, मी सरळ विचारलं. पटलंय ना आता? मग बहिणींचा वाटा परत द्या. तर म्हणाले, "त्याचा ह्याच्याशी काय संबंध? ते घरातलं आहे. आणि त्यांनी स्वतःहून सह्या केल्यात."

डॉक्युमेंटरीतली सरपंचही दाखवतील तिथंच सही करत होती, आणि तिच्यासाठी ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी तेही बोलून दाखवलं. हे कूस बदलून झोपले.

हक्कसोड झालं असलं तरी भावानं मनात आणलं तर बक्षीसपत्र करून बहिणीला जमीन देता येते, हे मी वकिलाला विचारून ठेवलंय. पुढच्या रविवारी तेच मित्र परत यायचेत. ह्या वेळी मी आत थांबणार नाही. त्यांच्याच शेजारी बसून, त्यांच्यासमोरच विचारणार, तारीख कधीची धरायची ते.